काटा ९८ वरून हलत नाही, मग आच कशावरून ठरवायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा: दोन एकर गवती चहा आहे, बरडावर दीड एकर रोशा (पामारोसा हे सुगंधी गवत) आहे. ५०० किलोची तेल काढायची टाकी बसवली, खाली लाकडाची भट्टी, वाफेच्या नळीवर थर्मामीटर. आच कमी करा की वाढवा, काटा ९८-९९ वरच राहतो. मुलानं परदेशातल्या घरगुती रिफ्लक्स कॉलमचे (मद्यार्क काढायच्या उभ्या नळकांड्याचे) व्हिडिओ पाहिले, तिथं ७८ अंशांवर तापमान धरून ठेवतात. आपणही ८५-९० वर धरलं तर तेल चांगलं उतरेल का? मे महिन्यात तेल निम्म्यावर आलं, कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भागाच्या, तोंडातून वाफ निघत होती आणि शेवटच्या दोन बॅचला करपट वास लागला. आच नेमकी किती ठेवायची?

भाऊ, तुमचा थर्मामीटर बरोबर आहे आणि टाकीही बरोबर आहे. काटा ९८-९९ वर थांबतो कारण तो तिथंच थांबायला पाहिजे. ८५ वर धरायला जाल तर पाणी उकळणारच नाही, वाफ वर चढणार नाही आणि तेल गवतातच राहील. तेव्हा तापमान धरून ठेवण्याचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. या कामात आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत: वाफ किती वेगानं निघते आणि ती किती थंड होते. तुमच्या सगळ्या अडचणी या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

काटा का हलत नाही ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० पर्यंत न्यायला साधारण २९३ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी पुढं वाफ व्हायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे पावणेआठ पट. ही पावणेआठ पट उष्णता काट्याला दिसत नाही. ती सगळी पाण्याची वाफ करण्यात जाते. लाकूड दुप्पट टाकलं तर वाफ दुप्पट निघेल, तापमान तेवढंच राहील. आणि १०० ऐवजी ९८-९९ का, तर उंचीमुळे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. यवतमाळ शहर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. नागपूरला ९९, आणि चिखलदऱ्याला हीच टाकी लावली तर काटा ९६ च्या आसपास थांबेल. थर्मामीटरची पारख करायची असेल तर घरी पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून पाहा. गावचा आकडा एकदा कळला की तो भिंतीवर लिहून ठेवा.

आता मुलाला पडलेला प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न आहे. रोशाच्या तेलातलं जिरॅनिऑल आणि गवती चहाच्या तेलातलं सिट्राल, दोन्ही एकटे उकळायचे म्हटले तर २२५ ते २३० अंशांपर्यंत तापवावे लागतात. मग ते ९८ ला कसे येतात? पाण्यात न मिसळणारं तेल आणि पाणी एकत्र तापवलं की दोघांच्या वाफेचा दाब एकमेकांत मिळतो. दोन्ही दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. तेलाचा वाटा लहान असतो, पण पाण्याची वाफ त्याला सोबत घेऊन निघते. म्हणूनच आपल्याकडे वाफेचं प्रमाण महत्त्वाचं. थोड्या तेलासाठी खूप वाफ लागते: ५०० किलो गवतातून दोन किलो तेल यायला शंभर-सव्वाशे लिटर पाण्याची वाफ त्यातून जावी लागते.

व्हिडिओतल्या रिफ्लक्स कॉलमचं काम वेगळं आहे. तिथं मद्यार्क आणि पाणी हे एकमेकांत मिसळणारे द्रव वेगळे करायचे असतात. वर चढलेल्या वाफेचा बराचसा भाग माथ्यावर थंड करून परत खाली सोडतात, तो खाली येताना चढणाऱ्या वाफेला भेटतो, आणि असं पुन्हा पुन्हा होत माथ्यावर जवळजवळ शुद्ध मद्यार्क जमतो. वजनानं साधारण ९५.६ टक्के मद्यार्काचं मिश्रण ७८.१५ अंशांना उकळतं, म्हणून तिथला काटा ७८ दाखवतो. पण नीट पाहा, तिथंही ७८ हा आकडा कोणी बटण फिरवून लावत नाही. माथ्यावर काय जमलं आहे त्याची ती खूण आहे. आच वाढवली तर वाफ वेगानं चढते, खाली येणारा द्रव अडकतो, कॉलम तुंबतो आणि काटा वर सरकू लागतो. म्हणजे तिथला जाणता माणूसही आच वाफेच्या वेगासाठी सांभाळतो आणि काटा फक्त वाचतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं असं करायला मुभा आहे, म्हणून ते व्हिडिओ उघडपणे दिसतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय घरी मद्यार्क काढणं गुन्हा आहे, आणि वर्धा-गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदी आहे. तेलाच्या टाकीत तो प्रयोग करू नका. उलट टाकी आणि भट्टी पाहून गावात कोणाला शंका यायच्या आधीच पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना बोलावून काम दाखवून ठेवा. तेलाचा वास एकदा घेतला की पुढं कोणी विचारत नाही.

पण त्या व्हिडिओतून एक गोष्ट आपल्याला घेण्यासारखी आहे. तिथं वाफेनं थंड होऊन परत खाली येणं हेच काम आहे. आपल्या टाकीत तेच नुकसान आहे. वर चढलेली वाफ टाकीच्या भिंतीला, झाकणाला लागून थंड झाली की सोबतचं तेल घेऊन खालच्या उकळत्या पाण्यात परत पडते. तिथं रोशाच्या तेलातलं जिरॅनाइल ॲसिटेट हळूहळू तुटतं, त्याचं जिरॅनिऑल आणि ॲसिटिक ॲसिड होतं. तेलाचा गोड वास उतरतो, आणि मुरलेला व्यापारी बाटली उघडताच ते ओळखतो. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा सुटला की काही न गुंडाळलेल्या टाकीवर हे सर्वात जास्त होतं. उपाय साधा आहे. टाकीचा पाण्यावरचा भाग, झाकण आणि कंडेन्सरपर्यंतची नळी, तिन्हींना रॉकवूल किंवा ग्लासवूल गुंडाळून वरून पत्रा मारा. तेही नसेल तर माती, शेण आणि कुटाराचा जाड गिलावा चालतो, फक्त झाकणाचे बोल्ट मोकळे ठेवा. वाफेची नळी टाकीतून निघाल्यावर कंडेन्सरकडे उतरती असावी. बऱ्याच युनिटवर ती मध्येच वाकलेली, पोट सुटलेली असते आणि त्या पोटात पाणी साचून वाफेला धक्के बसतात.

आता आच. आच मोजायचं खरं साधन म्हणजे एक लिटरचं माप आणि मोबाईलवरचं घड्याळ. कंडेन्सरमधून येणारं तेल-पाणी मापात धरा आणि माप किती सेकंदांत भरतं ते पाहा. ५०० किलोच्या टाकीला तासाला ४५ ते ५५ लिटर ही चांगली गती आहे. म्हणजे एक लिटर ६५ ते ८० सेकंदांत भरलं पाहिजे. दोन मिनिटं लागली तर आच कमी आहे: वाफ खालच्या थरातच विरते, वरचं गवत नुसतं शेकतं. चाळीस सेकंदांत भरलं तर आच जास्त आहे: वाफ गवतातून चोरवाट काढते, पाणी उसळून गवताखालच्या जाळीवर येतं, कंडेन्सरला झेपत नाही. दर अर्ध्या तासानं हे माप धरा आणि वहीत लिहा. चार-पाच बॅचनंतर तुमच्या हाताला कळू लागेल की किती लाकडाला किती धार.

गवत भरण्यावरही बरंच अवलंबून आहे, कारण वाफ नेहमी सोपी वाट शोधते. पेंढ्या सोडून, मोकळं करून, थराथरानं पसरून पायानं दाबा. कडेला जास्त दाबा, कारण भिंतीलगत पोकळी राहते आणि वाफ तिथूनच निसटते. टाकी रिकामी करताना मधला गाभा हिरवा दिसला तर समजा, वाफ कडेनं गेली.

जळणाचं सांगतो. तासाला ५० लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ३१ किलोवॉट उष्णता सतत पाण्यात जावी लागते. वाळलेलं लाकूड किलोमागे १५-१६ मेगाज्यूल देतं, पण साध्या भट्टीत त्यातला पाव हिस्साच पाण्यापर्यंत पोहोचतो. म्हणून तासाला तीसेक किलो लाकूड जातं. भट्टीला चिमणी, चिमणीला झडप आणि जळणाच्या लोखंडी जाळीखाली राखेचा कप्पा केला, धूर टाकीच्या बुडाखाली एक वळसा घेऊन जाईल अशी विटांची आड घातली, तर हेच लाकूड वीसच्या आत येतं. झडप फार महत्त्वाची. आच कमी करायची म्हणून जळतं लाकूड बाहेर ओढलं की अंगण धुरानं भरतं आणि पाच मिनिटांनी धार तुटते. झडप अर्धी लावली की आच शांतपणे उतरते.

आणि इथंच तुमच्या करपट वासाचं एक कारण मला दिसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापूस निघाला की आपल्याकडे धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लागतात, तुराट्याही असतात. मे महिन्यात तुम्ही तेच जाळलं असणार. पऱ्हाटी भडकते, लांब जीभ काढते आणि दहा मिनिटांत बसते. ती जीभ टाकीच्या बुडावरून वर, बाजूच्या पत्र्यावर चढते. पाण्याच्या पातळीपर्यंत पत्रा कधीच शंभराच्या फार वर जात नाही, पाणी त्याला धरून ठेवतं. पाण्याच्या वर मात्र पत्रा मोकळा असतो, तो दीडशे-दोनशेपर्यंत तापतो आणि त्याला टेकलेलं गवत करपतं. तुमच्या नळीवरच्या काट्याला हे कळणार नाही, तो ९८ च दाखवेल. पत्रा थंड असताना बाहेरून पाहा: काजळी आणि पत्र्याचा निळसर-तपकिरी डाग गवताच्या जाळीच्या वर चढला असेल तर कारण सापडलं. भट्टीचं तोंड आणि विटांची कड पाण्याच्या पातळीखालीच बंद करा, ज्वाळेनं बाजू गाठता कामा नये. पऱ्हाटी पेटवायला आणि पाणी तापवायला उत्तम आहे. धार सुरू झाली की बाभळीच्या किंवा निंबाच्या ओंडक्यांवर या, त्यांचा निखारा तासभर एकसारखा राहतो. तेल काढून उरलेलं गवत वाळवून तेही जाळता येतं, पण तेही भडकणारंच जळण, त्याची जागा पऱ्हाटीसोबत.

करपण्याचं दुसरं कारण म्हणजे पाणी संपणं. हिशोब पाहा. जाळीखाली दीडशे लिटर पाणी घेतलं, अडीच तासांत सव्वाशे लिटर वाफ होऊन बाहेर गेलं. शिवाय गवतानं थोडं पाणी धरून ठेवलं. म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात बूड कोरडं पडायला आलं. खाली पडलेला पाला, माती, रोशाचं बी तिथं चिकटून जळतं आणि तो वास सरळ तेलात जातो. यावर दोन गोष्टी करा. टाकीला बाहेरून काचेची पातळी-नळी बसवा, तिच्यावर लाल रेघ मारा, पाणी रेघेखाली गेलं की आच बंद. दुसरं, सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होण्याच्या भांड्यातून, तेल वर राहून जे पाणी खालून निघतं ते टाकीत परत सोडा. त्या पाण्यात विरघळलेलं तेल असतं, ते पुन्हा वाफेबरोबर येतं आणि पातळीही टिकते. त्यासाठी सेपरेटर टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर हवा आणि परतीच्या नळीला यू आकाराचं वळण हवं, नाहीतर वाफच उलटी येईल. हे पाणी जाळीच्या खाली सोडा, गवतावर नको. जाळी आणि पाणी यांत निदान वीतभर अंतर राहू द्या, उसळतं पाणी गवताला लागू नये. प्रत्येक बॅचनंतर बूड घासून धुवा. याला पर्याय नाही.

सुरुवातीच्या तासाबद्दल बरेच जण विचारतात की पाणी उकळून पंधरा-वीस मिनिटं झाली तरी धार का येत नाही, काटा का चढत नाही. ५०० किलो हिरव्या गवतात निम्म्याहून खूप जास्त पाणी असतं. ते २८ अंशांवरून ९८ वर न्यायला सव्वाशे मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, आणि ती उष्णता द्यायला ५५ लिटर पाण्याची वाफ गवतावरच विरते. म्हणजे पहिला कंडेन्सर हे गवतच आहे. वाफेचा पट्टा एकेक थर चढत वर येतो आणि माथ्यावर पोहोचला की काटा ४० वरून ९८ वर काही मिनिटांत उडी मारतो. नळीवरच्या थर्मामीटरचा पहिला खरा उपयोग इथं आहे. काटा ६० च्या पुढे सरकला की झडप अर्धी लावा. टाकीतली हवा आधी बाहेर पडते. ती जोरात ढकलली गेली तर पहिलं, सर्वात सुवासिक तेल घेऊन कंडेन्सरमधून तशीच निघून जाते. वीस मिनिटं धार बारीक ठेवा, मग पूर्ण गतीवर या. याच कारणासाठी गवत कापून एक दिवस सावलीत सुकवायचं. पाणी उतरतं, जळण वाचतं, टाकीत जास्त माल बसतो. मात्र ढीग घालू नका, आत गरम होऊन कुजतं. आणि मे महिन्यात उघड्या वावरात दिवसभर पडू देऊ नका. ४५ अंशांच्या उन्हात तेल टाकीच्या आधीच उडून जातं, तुमच्या निम्म्या उताऱ्यातला काही भाग तिथंच गेला असेल.

उरलेला गेला कंडेन्सरमधून, आणि यावर मी जास्त बोलणार आहे, कारण विदर्भात उन्हाळ्यात तेल काढणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं हेच आहे.

एक किलो वाफेचं पाणी करून ते ४० अंशांपर्यंत थंड करायला अडीच हजार किलोज्यूल उष्णता काढून न्यावी लागते. विहिरीचं २८ अंशांचं पाणी कंडेन्सरमध्ये जाऊन ४८ चं होऊन बाहेर पडत असेल तर एका किलो वाफेला ३० लिटर पाणी फिरवावं लागतं. तुमच्याकडे पाणी कुठून येतं? छतावरच्या काळ्या टाकीतून येत असेल तर मे महिन्यात दुपारी ते ३८-४० वर असतं. तेच पाणी ३८ वर शिरून ४८ वर निघालं तर ६० लिटर लागतं. पंप तोच, नळ्या त्याच, मग निम्मीच वाफ थंड होणार आणि उरलेली तोंडातून बाहेर पडणार. ती वाफ नुसती पाण्याची नाही, तिच्यात तुमचं तेल आहे. आणि जे पाणी ५०-५५ अंशांवर सेपरेटरमध्ये पडतं त्यातून तेल नीट वेगळं होत नाही, पृष्ठभागावरून उडत राहतं. रोशा आणि गवती चहा, दोन्हींसाठी कंडेन्सरमधून पडणारं पाणी ३० ते ४० अंशांत ठेवा. दुसरा थर्मामीटर इथं लावा. तुमच्या नळीवरच्या काट्यापेक्षा हा काटा दसपट कामाचा आहे.

पहिली तपासणी फुकटची: थंड पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत जातं का आणि वरच्या तोंडातून बाहेर येतं का? वाफ वरून खाली, पाणी खालून वर. बऱ्याच ठिकाणी प्लंबरनं उलटं जोडलेलं असतं. उलटं असेल तर सर्वात गरम पाणी आणि पडायला आलेलं तेल शेजारी शेजारी येतात, कितीही पाणी फिरवा, थंडावा मिळत नाही. सुलटं जोडलं की वरून निघणारं पाणी ६० पर्यंत तापलं तरी खालून पडणारी धार थंड राहते, आणि पाणीही कमी लागतं. दुसरी तपासणी नळ्यांची. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांवर पांढरा क्षार बसतो आणि तो उष्णता अडवतो. हंगामाआधी पाण्यात लिंबूसत्व विरघळवून कंडेन्सरच्या पाण्याच्या बाजूनं दोन-तीन तास फिरवा, मग स्वच्छ धुवा.

आता पाणी थंड कसं करायचं. आपल्याकडे मे महिन्यात घराघरांत कूलर चालतो, तो का चालतो हे आठवा. ४५ अंश उन्हात हवेतला ओलावा दहा-पंधरा टक्के असतो, तेव्हा ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर २२ ते २४ दाखवतो. म्हणजे उघड्यावर पाणी झिरपत सोडलं तर ते २७-२८ पर्यंत सहज उतरू शकतं. दोन पुरुष उंचीचा लोखंडी सांगाडा उभा करा, त्यात कूलरच्या गवती ताट्या थरांनी बसवा, वर छिद्रांचा पाइप, खाली सावलीतला हौद. कंडेन्सरमधून निघालेलं गरम पाणी वरून सोडा, खाली हौदातून थंड पाणी परत घ्या. वारा आडवा जाऊ द्या, चारही बाजू मोकळ्या. ऑगस्टमध्ये हाच मनोरा कमी काम करतो, कारण हवा ओली असते. उन्हाळ्यात पाणी थंड करणं अवघड अशी आपली समजूत आहे, पण मनोरा असेल तर मे हा पावसाळ्यापेक्षा सोपा महिना आहे.

पाण्याची बचत तर विचारू नका. एका बॅचला सव्वाशे लिटर वाफ, तिला ३० पटीनं पावणेचार हजार लिटर थंड पाणी. ते वाहून जाऊ दिलं तर मे महिन्यात विहीर किती दिवस पुरेल? मनोऱ्यावर मात्र साधारण जितकी वाफ थंड केली तितकंच पाणी उडून जातं, म्हणजे बॅचला सव्वाशे-दीडशे लिटर. मनोरा होईपर्यंत पहाटे तीनला भट्टी पेटवून आठच्या आत उरका. खाली विहीर असेल तर छतावरची टाकी सोडून सरळ विहिरीतून पाणी घ्या.

जुने लोक हे जाणत होते. मेळघाट, निमाड, बैतूलच्या जंगलातला रोशा तेलासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याचं तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलपर्यंत जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं, म्हणून युरोपात त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत. त्या भट्ट्या पावसाळा सरल्यावर, नाले वाहते असताना, नाल्याच्या काठीच लावत आणि तेल धरायचं भांडं वाहत्या पाण्यात ठेवत. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. थंड पाणी कुठं आहे ते पाहून भट्टीची जागा ठरायची. आजही नवीन युनिट बसवणाऱ्याला मी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो. तुमच्या रोशाची मुख्य कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फुलोरा येऊन बी धरू लागलं की होईल. तेव्हा विहीर भरलेली आणि रात्री थंड असतात, त्या वेळी त्रास होणार नाही. मनोरा गवती चहाच्या उन्हाळी कापणीसाठी करायचा आहे.

एक गोष्ट जिवाची. कंडेन्सरच्या तोंडाला कधीही कोंडी होऊ देऊ नका. वाफ बाहेर येते म्हणून तोंडाला चिंधी कोंबलेली मी पाहिली आहे. सव्वा मीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ बारा हजार चौरस सेंटिमीटरच्या वर जातं. आत दर चौरस सेंटिमीटरला फक्त १०० ग्रॅम दाब वाढला तरी झाकणाला खालून बाराशे किलोचा रेटा बसतो. ही टाकी बॉयलर नाही, तिचे बोल्ट त्यासाठी नसतात. आणि इथं नळीवरच्या काट्याचा दुसरा खरा उपयोग आहे: गावचा आकडा साडेअठ्ठ्याण्णव असेल आणि काटा १०१ च्या वर चढू लागला तर आत दाब वाढतो आहे, कुठंतरी नळी तुंबली आहे. लगेच जळण ओढा, दूर व्हा, झाकणाला हात लावू नका. झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर पुढची बॅच त्याच्याशिवाय लावू नका. सेपरेटर भट्टीपासून लांब, वारा त्याच्याकडून भट्टीकडे वाहणार नाही अशा जागी ठेवा, कारण तेलाची वाफ पेट घेते. बॅच संपल्यावर धार पूर्ण थांबून निदान अर्धा तास झाल्याशिवाय बोल्ट सैल करू नका. उघडताना झाकणाची आपल्यापासून दूरची बाजू आधी उचला, आणि लेकरांना त्या वेळी भट्टीच्या आसपास फिरकू देऊ नका.

बॅच कधी थांबवायची हेही आचेचंच गणित आहे. काचेच्या मापात दर अर्ध्या तासाचं तेल वेगळं मोजा. गवती चहाचं निम्म्याहून जास्त तेल पहिल्या तासात येतं, रोशाला अडीच-तीन तास द्यावे लागतात. शेवटच्या अर्ध्या तासाच्या तेलाची किंमत त्या अर्ध्या तासाच्या लाकडाएवढी झाली की थांबा. हाच नियम वाळ्याला लावू नका. वाळ्याचं तेल दाट, जवळजवळ पाण्याइतकं जड, आणि मुळातून सुटायला चौदा तासांच्या वर घेतं. तुमच्या थेट आचेच्या टाकीत ते काम करू नये, त्याला वेगळा बॉयलर लागतो.

टाकीचं साहित्य तुम्ही लिहिलं नाही. साधं लोखंड असेल तर तेल काळपट येईल, निदान कंडेन्सरच्या नळ्या आणि सेपरेटर स्टीलचे करून घ्या. टाकी बदलायची झालीच तर लखनौच्या सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) या संस्थेकडे शेतावरच्या युनिटचे आराखडे आहेत, आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी व सुगंधी वनस्पतींवर काम चालतं, तिथं जाऊन प्रत्यक्ष पाहता येईल.

थर्मोस्टॅट किंवा डिजिटल कंट्रोलर घ्यावा का, हे मुलानं विचारलं असेलच. लाकडाच्या भट्टीला त्याचा उपयोग नाही. त्या पैशात दोन साधे थर्मामीटर, पातळीची काच, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि चिमणीची झडप येते. दिवाळीच्या रोशाआधी एवढं बसवा. पहिल्या बॅचला मुलाला वही धरायला लावा: पेटवल्याची वेळ, काटा उडी मारल्याची वेळ, लिटरचे सेकंद, पडणाऱ्या पाण्याचं तापमान, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या थंड पाण्याचं तापमान, अर्ध्या तासाचं तेल आणि एकूण लाकूड. ते आकडे मला पाठवा, कंडेन्सर लहान आहे की नुसतं पाणी गरम आहे ते त्यावरून लगेच सांगता येईल.